पहार कुणाची

कारखानीससाहेब शिडी चढून इंजिनाच्या कॅबमध्ये येत होते आणि मी आत उभा राहून त्यांचे बूट बघत होतो. पांढरेशुभ्र. डिझेल शेडमध्ये पांढरे बूट घालून येणारा माणूस एक तर नवरदेव असतो, नाहीतर आयुष्यभर त्याची वाट दुसऱ्या कुणीतरी पुसून ठेवलेली असते. साहेब सत्तरीचे होते. नवरदेव नव्हते.

"सांभाळून साहेब, पायरी निसरडी आहे."

"कोण, सुरवाडे? अरे, तू अजून आहेस?"

"आहे साहेब. तुमचीच वाट बघत थांबलोय."

ते खळखळून हसले. मी थट्टा करतोय असं त्यांना वाटलं. निंबाळे जंक्शनात माझी ख्यातीच तशी. मी सांगितलं की आज मंगळवार आहे, तरी लोक कॅलेंडर बघायला जातात.

खाली मांडवात तीनशे माणूस बसलं होतं. जून महिना, पाऊस अजून आला नव्हता, पत्र्याखाली भाजत होतं. पहिल्या रांगेत डावीकडच्या खुर्चीवर काठी टेकून बसला होता रमजान तडवी. माझा उस्ताद. वय एकोणऐंशी. डिझेल इंजिनाचा पहिला नट मला त्याने धरायला शिकवला. त्याला मी रिक्षात घालून आणला होता, पहिल्या रांगेतली खुर्ची भांडून मिळवली होती. कारखानीससाहेब तीनशे लोकांदेखत एक बटण दाबणार होते, आणि ते दाबताना त्यांचं काय करायचं राहून जातं ते उस्तादाने स्वतःच्या डोळ्यांनी बघावं, एवढीच माझी इच्छा होती. तीस वर्षं जपलेली.

ज्या इंजिनात आम्ही उभे होतो त्याला शेडमध्ये 'म्हैस' म्हणायचे. सोळा सिलिंडरची, अंगाने काळीभोर, आणि बसली की उठायची नाही. उठली मात्र की अडीच हजार टन कोळसा घेऊन घाट चढायची. तिचा धूर असा, की घाटाखालच्या तीन गावांत कोंबड्या संध्याकाळ झाली समजून खुराड्यात जायच्या. एकदा तर एका भटजीने भर दुपारी सांजवात लावली. हे मी स्वतः पाहिलेलं नाही, पण भटजी मला भेटला होता.

विजेची इंजिनं आली तशा म्हशीच्या साऱ्या बहिणी भंगारात गेल्या. ही एक उरली. तिला वारसा म्हणून जपायचं ठरलं. शेडच्या फाटकाशी शंभर मीटर रूळ टाकायचे, तिथे ती ठेवायची आणि वर्षातून दोनदा चालवून दाखवायची. शेडच्या इंजिनियर बाविस्करमॅडम, वय असेल तीस, माझ्या घरी आल्या होत्या.

"सुरवाडेकाका, म्हशीला हात लावायची आमच्या पोरांना भीती वाटते. तुम्ही याल?"

मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. बायको म्हणाली, "न्या हो मॅडम. घरात बसून रोज एक नवीन भूत सांगतात."

आठ महिने लागले. हेड उतरवले, गास्केट बदलले, टर्बो सोलापूरकडच्या एका भंगारवाल्याकडून हुडकून आणला. म्हैस उठली. आणि मग एके दिवशी मॅडमनी निमंत्रणपत्रिका दाखवली. प्रमुख पाहुणे, श्री. कारखानीस, निवृत्त मुख्य अभियंता, ज्यांनी आपल्या उमेदीच्या काळात याच शेडमध्ये सेवा केली.

"तुम्ही ओळखत असाल ना काका?"

"ओळखतो," मी म्हणालो. "चांगला ओळखतो."

आता ती जुनी गोष्ट सांगतो. चहाच्या टपरीवर दोनशे वेळा तरी सांगितली असेल.

डिझेल इंजिन पावसात आठ-दहा दिवस उभं राहिलं, की धुराड्यातून पाणी झिरपतं आणि सिलिंडरमध्ये साचतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. तशात बटण दाबलं की दट्ट्या पाण्यावर आपटतो आणि मांडीएवढा जाड रॉड काकडीसारखा वाकतो. म्हणून रीत अशी, की आधी प्रत्येक सिलिंडरचा कॉक, म्हणजे बारकी तोटी, उघडायची, मोठ्या चाकाच्या भोकात पहार घालायची आणि इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचं. पाणी असेल तर कॉकमधून पिचकारी उडते. दोन माणसांचं काम, दोघांचाही घाम निघतो.

आणि आमच्या शेडचा रिवाज असा होता की बटणापाशी जो उभा असेल त्याने ओरडून विचारायचं, "पहार कुणाची?" ज्याने फिरवली त्याने स्वतःचं नाव सांगायचं. नाव आल्याशिवाय बटणाला बोट लावायचं नाही. कारण पुढे काही झालं तर ते त्या नावावर.

चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात म्हैस अकरा दिवस उघड्यावर उभी होती. त्या दिवशी वरून कुणी बडा अधिकारी तपासणीला येणार होता आणि त्याच्या गाडीला हेच इंजिन लावायचं होतं. कारखानीस तेव्हा आमचे असिस्टंट इंजिनियर.

"तडवी, दहा मिनिटांत बाहेर काढ."

"साहेब, पहार लावायची आहे. अर्धा तास द्या."

"अर्धा तास? तो फलाटावर उभा राहील तेव्हा तू जाऊन सांगशील का, की पहार लावतोय म्हणून?"

"सांगेन की," उस्ताद म्हणाला आणि पहार आणायला गेला.

तो पहार घेऊन परत येईपर्यंत साहेबांनी बटण दाबलं होतं.

तो आवाज मी टपरीवर नेहमी तोफेसारखा सांगतो. खरं तर तो एखादं हाड मोडल्यासारखा होता. रॉड वाकला, ब्लॉकच्या कुशीत हंडा जाईल एवढं भोक पडलं. चौकशी बसली. साहेबांनी लिहून दिलं, की मी 'पहार कुणाची' असं विचारलं, 'तडवीची' असं उत्तर आलं, म्हणून बटण दाबलं. साक्षीदारही मिळाला. साक्षीदार मिळतातच. रमजान तडवी हेड फिटर होता, त्याला खलाशी केला, म्हणजे शेडमधला सगळ्यात खालचा हरकाम्या. ज्या शेडमध्ये चाळीस माणसं त्याला उस्ताद म्हणायची, तिथेच तो हातात चिंध्या घेऊन नऊ वर्षं सांडलेलं तेल पुसत राहिला, निवृत्त होईपर्यंत. साहेब बढती घेऊन गेले.

पत्रिका बघितली आणि मी सरळ उस्तादाच्या घरी गेलो.

"कारखानीस येतोय, उस्ताद. म्हैस चालू करायला."

उस्ताद अंगणात कोंबडीला दाणे टाकत होता. "येऊ दे की."

"तुम्ही चला."

"मी कशाला? टाळ्या वाजवायला?"

"नुसतं बघायला चला."

"भिका," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू काहीतरी शिजवतोयस."

"आईशप्पथ नाही."

"मग येतो. तू आईची शपथ घेतलीस म्हणजे नक्की काहीतरी शिजतंय."

कार्यक्रमाच्या सकाळी सहाला मी एकटाच शेडमध्ये गेलो. पाचव्या सिलिंडरचा कॉक उघडला आणि नळी लावून तांब्याभर पाणी आत सोडलं. कॉक बंद केला. मग बॅटरीच्या खटक्यापाशी गेलो. तांब्याची दोन पाती असलेला मोठा खटका असतो. तो वर असला तर बटण चालतं, खाली असला तर बटण म्हणजे शर्टाचं बटण.

तिथे मी बराच वेळ उभा राहिलो. खटका वर होता, आणि खोटं कशाला सांगू, तो खाली ओढायला हात तयार नव्हता. खटका तसाच ठेवला असता तर साहेबांनी बटण दाबलं असतं, रॉड वाकला असता, आणि सगळ्या वर्तमानपत्रांत त्यांचा फोटो म्हशीच्या फुटक्या कुशीशेजारी छापून आला असता. कूस अगदी चौऱ्याऐंशीसारखी. पण आठ महिने तिच्या पोटात डोकं घालून काढले होते. तिचा काय गुन्हा? मी खटका खाली ओढला आणि दार लावलं.

तर साहेब कॅबमध्ये आले. बाविस्करमॅडम खाली माईकवर होत्या. "आता आदरणीय साहेबांच्या शुभहस्ते आपली लाडकी म्हैस पुन्हा जागी होणार आहे!" टाळ्या. मांडवातल्या मागच्या रांगांत आमचे जुने फिटर, खलाशी, ड्रायव्हर बसले होते. टाळ्या थांबल्या आणि ते सगळे कान देऊन बसले. ती दोन शब्दांची हाक ऐकायची त्यांच्या कानांना सवयच होती.

साहेबांनी खिडकीतून हात हलवला. फोटोसाठी मान वाकडी केली. आणि बटण दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. जोरात दाबलं. अंगठा पांढरा पडला.

"सुरवाडे, हे काय?"

"साहेब, काहीतरी विचारायचं राहिलं."

"काय विचारायचं?"

"आठवून बघा."

मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "पहार!" मग दुसरा. मग दहा-बारा जण. मॅडमना कळेना, त्या माईक घेऊन शिडीपाशी धावत आल्या. मी खिडकीतून वाकून त्यांच्या हातातला माईक घेतला.

"मंडळी," मी म्हणालो, "साहेब बटण दाबून मोकळे झाले. पहार लावली का, हे विचारलं नाही. बटण चाललं नाही कारण बॅटरीचा खटका मी काढून ठेवलाय. चाललं असतं तर काय झालं असतं, ते आता बघा. या साहेब, बाहेर या, जवळून बघा."

साहेबांना बाहेर यावंच लागलं. इंजिनाच्या कडेने जी अरुंद फळी असते तिच्यावर ते येऊन उभे राहिले. मी दारं उघडली, सगळे कॉक उघडले आणि शेडच्या दोन जवान फिटरांना पहार लावायला सांगितली. करकर करत इंजिन फिरलं. एक पाव फेरा. अर्धा. आणि पाचव्या कॉकमधून सूंऽऽ करून पिचकारी उडाली ती थेट साहेबांच्या पांढऱ्या बुटांवर.

मांडवात असा हशा उठला की पत्र्यावरची कबुतरं उडाली ती अजून परत आलेली नाहीत.

"हेच पाणी," मी माईकवर सांगितलं, "तीस वर्षांपूर्वी होतं. तेव्हाही विचारलं नव्हतं. तेव्हाही असंच बटण दाबलं. आणि नाव घातलं त्या माणसाचं," मी उस्तादाकडे बोट केलं, "तो तिथे बसलाय. नऊ वर्षं त्याने ही लादी पुसली!"

मागच्या रांगा उठून उभ्या राहिल्या. मला वाटलं, झालं. तीस वर्षं जे मनात होतं ते झालं. छाती अशी फुगली होती की सदऱ्याची गुंडी तुटली.

साहेबांनी खिशातला रुमाल काढला, वाकून बूट पुसले. सावकाश. मग माझ्या हातातला माईक घेतला. माणूस मोठ्या खुर्च्यांवर बसलेला, आवाज मुळीच हलला नाही.

"चौकशी झाली होती," ते म्हणाले. "सरकारी चौकशी. 'तडवीची' हे उत्तर आपण स्वतःच्या कानांनी ऐकलं, असं एका साक्षीदाराने लेखी दिलं होतं. खाली सही केली होती. सुरवाडे, तो साक्षीदार कोण होता, ते पण सांगून टाक की मंडळींना."

टपरीवर ती गोष्ट मी दोनशे वेळा सांगितली. पाण्याच्या लोटीचं पिंप झालं, पिंपाची टाकी झाली. हे एवढं मात्र कधीच सांगितलं नाही.

माझी बायको तेव्हा सातव्या महिन्यात होती. साहेबांच्या टेबलावर माझ्या बदलीचा कागद होता, थेट बिहारातल्या कुठल्याशा शेडमध्ये. त्याच्या शेजारी दुसरा कागद होता. साहेब म्हणाले, "कुठल्या कागदावर सही करतोस?" मी दुसऱ्यावर केली.

तीनशे माणसं माझ्याकडे बघत होती. मी उस्तादाकडे बघितलं नाही. मी त्या पाचव्या कॉककडे बघत राहिलो. त्यातून अजून थेंब थेंब गळत होतं.

मग काठीचा आवाज आला. उस्ताद उठला होता. दोन फिटर धरायला धावले, त्याने त्यांना झटकलं. शिडीच्या एकेका पायरीवर दम घेत तो वर आला आणि आमच्या दोघांच्या मध्ये उभा राहिला.

"मॅडम," तो खाली बघत म्हणाला, "ते भोंगं बंद करा. आता भाषण नाही."

मॅडमनी माईक बंद केला.

"पहार अर्धवट राहिलीय," उस्ताद म्हणाला. "दोन फेरे पूर्ण व्हायला पाहिजेत. पोरांनो, तुम्ही बाजूला व्हा. साहेब, तुम्ही हे टोक धरा. भिका, तू ते."

"तडवी, माझं वय..." साहेब म्हणाले.

"माझं एकोणऐंशी. धरा."

"मला हृदयाचा त्रास आहे."

"मग हळूहळू फिरवा. मला घाई नाही. मला कधीच नव्हती, घाई तुम्हाला होती."

साहेबांनी मांडवाकडे पाहिलं. तिथून त्यांना कुणी सोडवणारं नव्हतं. त्यांनी पहार धरली. मी दुसरं टोक धरलं. ज्याला धुळीला मिळवायचं तीस वर्षं मनात होतं, त्याच्या खांद्याला खांदा लावून मी इंजिन फिरवत होतो. एक फेरा. साहेबांच्या सफारीच्या बाह्या काळ्या झाल्या. दीड फेरा. त्यांचा श्वास माझ्या कानात वाजत होता, माझा त्यांच्या. उस्ताद कॉककडे बघत उभा. मध्येच म्हणाला, "कमरेतून लावा साहेब, हाताने काय लोणी काढताय?" कुणी हसलं नाही.

दोन फेरे झाले. उस्तादाने एकेक कॉक स्वतः बंद केला. मला म्हणाला, "खटका." मी जाऊन खटका वर केला. तो कॅबमध्ये गेला, बटणापाशी उभा राहिला आणि चौऱ्याऐंशीच्या आधीच्या आवाजात ओरडला,

"पहार कुणाची?"

"सुरवाडेची!" मी ओरडलो.

साहेब गप्प.

उस्ताद थांबला. बटणाजवळ बोट नेलं नाही. एक मिनिट गेलं. दोन गेली. मांडवात खुर्चीसुद्धा करकरली नाही. उस्ताद खिडकीत कोपर टेकून असा उभा होता, जसा गाडीची वाट बघणारा प्रवासी. त्याला रात्र झाली असती तरी चाललं असतं, आणि ते साहेबांना समजत होतं.

"पहार कुणाची?" त्याने पुन्हा विचारलं. आधीपेक्षा हळू.

"कारखानीसची," साहेब पुटपुटले.

"ऐकू आलं नाही. वय झालं."

"कारखानीसची!"

तेव्हा उस्तादाने बटण दाबलं. म्हैस आधी कण्हली, मग हंबरली, आणि धुराड्यातून असा काळा लोट निघाला की निंबाळे जंक्शनावर स्टेशनमास्तरने दिवे लावले. हे खरं आहे. त्याला विचारा.

साहेबांचं भाषण झालंच नाही. ते गाडीत बसले आणि ओल्या बुटांचे ठसे मांडवाच्या गालिच्यावर तेवढे राहिले. बाविस्करमॅडम माझ्याशी त्या दिवशी बोलल्या नाहीत. माझे जुने सोबती चहा पीत होते, मी जवळ गेलो तसे त्यांचे कप लवकर संपले.

उस्तादाला रिक्षातून घरी न्यायला दुसरं कुणी नव्हतं. मीच बसलो शेजारी. रिक्षाने फाटक ओलांडलं.

"पाणी तू घातलंस," उस्ताद म्हणाला.

"कसं कळलं?"

"धुराड्यातून झिरपलेलं पाणी काजळी घेऊन येतं. शाईसारखं काळं. हे नळाचं होतं. स्वच्छ. साहेबाला कळलं नाही, त्याला इंजिन कधी कळलंच नव्हतं."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"बूट भिजताना बघायचे होते."

रिक्षा बाजारातून चालली होती. मी धीर केला. "उस्ताद, सहीचं तुम्हाला आज कळलं..."

"आज?" तो हसला. "त्याच आठवड्यात कळलं. कारकुनाने कागद दाखवला. हजेरीत रोज तुझी सही बघायचो, ओळखणार नाही?"

"तीस वर्षं? पण तुम्ही... दर ईदला तुम्ही मला घरी बोलावत आलात. एकही ईद चुकली नाही. शीरखुर्मा स्वतःच्या हाताने वाढलात."

"हो."

"कशाला?"

"खाताना कसा लागायचा?"

मी बाहेर बघायला लागलो.

"सांग की. एवढ्या गोष्टी सांगतोस. गोड लागायचा?"

"नाही, उस्ताद. पहिल्या घोटापासून घशात अडकायचा."

"मला दिसायचं ते," तो म्हणाला. "म्हणून तर दुसरी वाटी वाढायचो."

त्याच्या दारात रिक्षा थांबली. मी हात दिला, तो धरून उतरला. काठी सावरली, दोन पावलं गेला आणि वळला.

"पुढच्या महिन्यात ईद आहे," तो म्हणाला. "उपाशी ये."